जानेवारीतलं वाळवण

माझ्या आत्येसासूबाईंच्या मते परमेश्वरसुद्धा फक्त स्टँडर्ड कंडिशनलाच सर्वशक्तिमान आहे. म्हणजे दाब एक बार, द्रावण असेल तर एक मोलर, आणि तापमान पंचवीस अंश. तापमान पंचवीसच हवं असं शास्त्र म्हणत नाही, ती नुसती पुस्तकवाल्यांची सवय आहे, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर आत्या फोन करून सांगतील. या चौकटीबाहेर पाऊल टाकलं की देवालाही तुमच्या-आमच्यासारखं नवं गणित मांडावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. आणि हे त्या एकट्यात नाही म्हणाल्या. मॉन्ट्रियलजवळच्या ब्रॉसार्डमधल्या त्यांच्याच घरी, सत्यनारायणाला जमलेल्या वीस माणसांसमोर, हातात निरांजन असताना म्हणाल्या. भटजी म्हणजे आठवडाभर सॉफ्टवेअर लिहून शनिवारी सोवळं नेसणारे एक सज्जन गृहस्थ. ते बिचारे एवढंच म्हणाले होते, की ही पूजा केली की घरात सुखसमृद्धी आपोआप येते. आत्यांनी निरांजन अर्ध्यावर थांबवलं आणि विचारलं, "आपोआप? कोणत्या कंडिशनला?" भटजींनी पुढची आरती फार भराभर उरकली.

"कोणत्या कंडिशनला?" हा प्रश्न त्यांच्या तोंडात कायम असायचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणी म्हणालं, आमचा जावई म्हणजे अगदी गरीब गाय, की आत्या विचारणार, "किती प्रेशरला?" कुणी सांगितलं, मुलगा अभ्यासात हुशार आहे, की "हो, पण घरी की एक्झाममध्ये?" लग्न ठरवणाऱ्या आयांना तर त्यांच्यापासून लांब बसवायची पद्धतच पडली होती. "बायोडेटा म्हणजे डेल्टा जी नॉट," त्या सांगायच्या. "सगळं आदर्श स्थितीत मोजलेलं. उंची, पगार, मनमिळाऊ स्वभाव. मग एक वॉशरूम, दोन माणसं आणि बाहेर मायनस थर्टी झालं की खरा डेल्टा जी कळतो." त्या बायकांपैकी एकीलाही डेल्टा जी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण आपल्या मुलाबद्दल काहीतरी वाईट बोललं गेलंय एवढं सगळ्यांना बरोबर कळायचं.

त्या माझ्या नवऱ्याच्या, संदीपच्या, सख्ख्या आत्या. आतोबा पुलांचे इंजिनिअर होते. त्यांच्याबरोबर आत्या सत्तरच्या सुमाराला पुण्याहून मॉन्ट्रियलला आल्या, आणि तिथल्या एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं मुलांना शिकवलं. आतोबा जाऊन बरीच वर्षं झालेली. मूलबाळ नाही. पण त्यांचं बेसमेंट मात्र कधी रिकामं राहिलं नाही. भाचे, पुतणे, शेजारणीच्या बहिणीची मुलगी, जो कोणी शिकायला किंवा नोकरी शोधायला यायचा, तो आधी आत्यांच्या बेसमेंटमध्ये उतरायचा. त्याचं बस्तान बसलं, की आत्या त्याला घालवून द्यायच्या. घालवून द्यायच्या, हे शब्द मी विचार करून लिहिलेत. कुणी म्हणालं, राहू द्या की अजून थोडे दिवस, की त्या म्हणायच्या, "तयार झालेला माल भांड्यात ठेवायचा नाही. काढून घेत राहिलं की रिअ‍ॅक्शन पुढे जाते." मुरांबा, लोणचं, चकल्या आणि नातेवाईक, सगळ्यांना एकच नियम होता.

संदीप आणि मी तिथे उतरलो ते २०१६ च्या जानेवारीत. विमानतळावरून घरी येईपर्यंत माझ्या पापण्या दोनदा चिकटल्या होत्या. घरात शिरताच मला एक ओळखीचा आंबूस वास आला, आणि मी कऱ्हाडला माहेरी आहे की काय असं क्षणभर वाटलं. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा तो वास होता. खाली बेसमेंटमध्ये गेलो तर जमिनीवर जुन्या साड्या अंथरलेल्या, आणि त्यांच्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कुरडया. पांढऱ्याशुभ्र, ओळीने घातलेल्या. आमचा पलंग एका कोपऱ्यात, जणू कुरडयांनीच आम्हाला थोडी जागा दिली होती. बाहेर उणे पंचवीस, दारापाशी कमरेएवढा बर्फ, आणि ही बाई वाळवण घालून बसलेली. मी संदीपच्या कानात म्हटलं, "तुझ्या आत्या बऱ्या आहेत ना रे?" तो म्हणाला, "कोणत्या कंडिशनला?" त्यावरून मला कळलं की हे घराण्यातच आहे.

पण गंमत अशी, की वेडी आत्या नव्हत्या, वेडे आपण होतो. आपल्याला वाटतं वाळवण उन्हाने वाळतं. आत्यांचं म्हणणं, ऊन फक्त घाई करतं, वाळवते ती कोरडी हवा. मॉन्ट्रियलचा उन्हाळा दमट, त्यात पापड घातले तर दुसऱ्या दिवशी बुरशी. आणि जानेवारीत बाहेरची थंड हवा घरात येऊन तापली, की तिच्यात वाफ जवळपास नसतेच. ओठ फुटतात, हात उलतात, दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा झटका बसतो. आपण सगळे त्या हवेला शिव्या देतो. आत्या गहू भिजत घालायच्या. त्यांच्या घरात कपड्यांचा ड्रायर होता, पण तो त्यांनी एकदाही लावला नव्हता. त्यात सोऱ्या, पाट-लाटणं आणि दिवाळीचे आकाशकंदील ठेवलेले असायचे. साड्या दोरीवर वाळत. "हवा फुकट पाणी घ्यायला तयार असताना विजेला कशाला त्रास?" असं त्या म्हणायच्या. शेजारचे म्हातारे फ्रेंच गृहस्थ दर जानेवारीत बर्फ शोव्हल करताना बेसमेंटच्या खिडकीत वाकून बघायचे आणि मान हलवत निघून जायचे. इतक्या वर्षांत त्यांनी हे काय चाललंय ते विचारलं नव्हतं. मला वाटतं, त्यांना उत्तराची भीती वाटत असावी.

संदीपला त्यांनी एका वाक्यात कायमचं निकालात काढलं होतं. आमच्या मोरीचा नळ गळत होता, आणि तो आपण दुरुस्त करणार असं संदीपने आल्या-आल्या जाहीर केलं होतं. सहा महिने झाले तरी नळ टपटपतच होता. मी चिडले तर आत्या माझीच समजूत घालायला लागल्या. "अगं, स्पॉन्टेनियस म्हणजे फास्ट नव्हे. ही माझी अंगठी बघ. यातला हिरासुद्धा आपणहून ग्रॅफाइट होतोय. होणार हे नक्की. संदीपचंही तसंच. नळ तो दुरुस्त करणार. फक्त आपण तेव्हा असू की नाही सांगता येत नाही." मग त्यांनी स्वतःच पाना आणून नळ बसवला. मी त्यानंतर कुठल्याही नव्या नवरीच्या बोटातला हिरा बघितला, की मला त्यात पेन्सिलच दिसायची.

एकदा ज्येष्ठ नागरिकांच्या योगवर्गातून त्यांना जवळजवळ काढूनच टाकलं होतं. शिकवणारी मुलगी गोड आवाजात म्हणाली, सगळ्यांनी डोळे मिटा आणि आपापला समतोल शोधा. आत्यांनी डोळे उघडले. "मादमोआझेल, समतोल सापडला की डेल्टा जी शून्य. म्हणजे डेड बॅटरी. मी इथे जिवंत राहायला आलेय." वर्गातल्या एका आजोबांनी ते फारच मनावर घेतलं आणि पुढच्या आठवड्यापासून यायचं बंद केलं. आत्यांना त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. त्या म्हणाल्या, बरं झालं, निदान घरी काहीतरी उद्योग करतील.

आता माझी कथा. मी कऱ्हाडची बीएस्सी, तीही बॉटनीची. इकडे येऊन डोनटच्या दुकानात काउंटरवर उभी होते. मला मेडिकल लॅब टेक्निशियन व्हायचं होतं. ओंटारिओत मिसिसागाजवळ एक कॉलेज होतं, संदीपच्या कंपनीचंही तिकडे ऑफिस होतं, आणि आमचं ठरलं होतं की मला प्रवेश मिळाला तर दोघांनी तिकडे जायचं. प्रवेशासाठी केमिस्ट्रीचा एक कोर्स नव्याने पास व्हायला हवा होता. तो मी प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात घेतला आणि नापास झाले. पुन्हा बसले आणि पुन्हा नापास झाले. दोन्ही वेळा बाकी सगळं जमलं, बुडाले ती एकाच जागी, गिब्ज फ्री एनर्जीत, म्हणजे आत्यांच्या त्याच डेल्टा जीत. तिसरी संधी २०१८ च्या जानेवारीत होती आणि ती शेवटची होती. ती हुकली की डोनट.

तुमच्यासाठी थोडक्यात सांगते, म्हणजे माझी अवस्था कळेल. एखादी गोष्ट आपणहून घडेल की नाही हे डेल्टा जी सांगतो. उणे आला तर घडेल, अधिक आला तर उलट दिशेने घडेल, शून्य आला तर समतोल, म्हणजे निव्वळ काहीच पुढेमागे व्हायचं नाही. इथपर्यंत मला कळत होतं. पण डेल्टा जी दोन आहेत. एक स्टँडर्ड, तो पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात छापलेला, डोक्यावर छोटंसं शून्य घेतलेला, म्हणून डेल्टा जी नॉट. आणि दुसरा खरा, आत्ताचा, या क्षणी भांड्यात किती माल तयार आहे आणि किती कच्चा शिल्लक आहे त्यावर ठरणारा. त्या प्रमाणाला म्हणतात क्यू. पहिल्यात क्यूचा हिशोब मिळवला की दुसरा मिळतो. माझी चूक ठरलेली. तक्त्यात अधिक दिसलं की मी लिहायचे, "ही प्रक्रिया कधीच घडणार नाही." आणि समतोलाला शून्य कोण होतं असं विचारलं की मी हटकून डेल्टा जी नॉटचंच नाव घ्यायचे. आत्या दहा वेळा समजवायच्या, मी दहा वेळा मान डोलवायचे, आणि अकराव्यांदा तेच लिहायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

"मनीषा, तू मला सांग," आत्या एकदा वैतागून म्हणाल्या, "पाण्याची वाफ होणं, पंचवीस अंशाला, तक्त्यात काय आहे?"

मी बघितलं. "प्लस साडेआठ."

"म्हणजे?"

"म्हणजे घडणार नाही."

"आणि ही माझी साडी दोरीवर काय करतेय?"

मी साडीकडे बघितलं. साडी वाळत होती. मी म्हटलं, "आत्या, एक्झाममध्ये साडी येणार नाही." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि वर चहा करायला निघून गेल्या. मला अजून त्या चष्मा काढण्याची लाज वाटते.

परीक्षा शनिवारी होती. त्याआधीच्या बुधवारी आत्या दोन दिवसांसाठी ऑटवाला मैत्रिणीकडे गेल्या. बेसमेंटमध्ये कुरडया घातलेल्या, वरून कडक झालेल्या, आता फक्त पूर्ण वाळायच्या होत्या. जाताना त्यांनी बजावलं, "सकाळ-संध्याकाळ उलटायच्या. बाकी काही म्हणजे काही करायचं नाही." आता मला सांगा, परीक्षा तीन दिवसांवर आलेल्या बाईला बाकी काही करू नकोस म्हटलं, तर ती काय करणार? त्याच संध्याकाळी कोरड्या हवेने संदीपचा घोळणा फुटला. माझाही घसा सुकलेला, डोकं धरलेलं. आमच्याकडे एक ह्युमिडिफायर होता, गराज सेलमधून आणलेला, चांगला बादलीएवढा. हवेत वाफ सोडायचं ते यंत्र. आत्यांनी त्याला घरात बंदी घातली होती, म्हणून ते गराजमध्ये पडून असायचं. मांजर नाही म्हटल्यावर उंदरांनी करावं तेच आम्ही केलं. यंत्र खाली आणलं, भरलं आणि लावलं. शिवाय आठवड्याचे कपडेही धुऊन तिथल्याच दोरीवर टाकले. नाक मोकळं झालं. मी समाधानाने अभ्यासाला बसले.

गुरुवारी दुपारी कुरडई उलटायला उचलली तर ती वाकली. दुसरी उचलली, तीही वाकली. काल ज्या खडखड वाजत होत्या त्या आज भिजलेल्या सुतळीसारख्या लोंबत होत्या. पण मी कऱ्हाडची मुलगी, वाळवण मऊ पडलं तर काय करायचं हे मला आईने शिकवलं होतं. ऊन द्यायचं. इथे ऊन नाही, म्हणून मी थर्मोस्टॅट अठ्ठावीसवर नेला. झालं काय, की हवा तापली की त्या यंत्राला वाटायचं घर कोरडं पडलं, आणि ते आणखी जोमाने वाफ सोडायचं. मी आणखी तापवायचे, ते आणखी सोडायचं. संध्याकाळपर्यंत खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ आले. यंत्र बंद करावं हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही. नाकासाठी ते, आणि कुरडयांसाठी ऊन, असा माझा हिशोब होता.

शुक्रवारी सकाळी आत्या आल्या. बूट न काढता जिन्यावरून खाली उतरल्या आणि शेवटच्या पायरीवर थांबल्या. मी एका हातात पुस्तक आणि एका हातात मऊ कुरडई घेऊन रडत होते. त्या ओरडतील म्हणून मी मान खाली घातली. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातली कुरडई घेतली, दोन बोटांत धरून लोंबू दिली आणि अगदी लॅबमधल्या आवाजात विचारलं, "पाणी कुठून कुठे गेलं?"

"हवेतून कुरडईत."

"परवा?"

"कुरडईतून हवेत."

"म्हणजे साइन बदललं. कुरडई बदलली?"

"नाही."

"तक्त्यातला आकडा बदलला?"

"नाही."

"थर्मोस्टॅट वाढवलास त्याने इवलासा बदलला, तोही वाळण्याच्याच बाजूने. मग कशाने उलटलं?"

मी खिडकीवरच्या ओघळांकडे बघितलं. दोरीवरच्या कपड्यांकडे बघितलं. कोपऱ्यात फुसफुसणाऱ्या त्या बादलीकडे बघितलं. आणि खरं सांगते, दोन वर्षं कानांवरून गेलेली ती अक्षरं मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली. "क्यू," मी म्हटलं. "हवेतली वाफ. क्यू मी वाढवला."

"बों," आत्या फ्रेंचमध्ये शाबासकी देत म्हणाल्या. "आता मांड."

मी तिथेच जमिनीवर बसून मांडलं. कोरड्या खोलीत तक्त्यातले अधिक साडेआठ, त्यात क्यूमुळे येणारे उणे साडेबारा, उत्तर उणे चार. म्हणून साडी वाळते. तक्ता म्हणतो वाळणार नाही, आणि साडी वाळते, आणि दोघंही खरं बोलतात, कारण तक्ता एक बार वाफेने भरलेल्या जगाबद्दल बोलतोय आणि साडी आमच्या बेसमेंटबद्दल. खोलीत वाफ भरली की ते उणे साडेबारा आकसत जातात आणि उत्तर शून्याकडे सरकतं. तोच समतोल, आणि तिथे शून्य होतो तो खरा डेल्टा जी, तक्त्यातला साडेआठ जागचा हलत नाही. आणि कुरडईतलं पाणी तर गव्हाच्या सत्त्वाने धरून ठेवलेलं, साध्या पाण्यासारखं सुटं नव्हे, त्यामुळे तिच्यासाठी चिन्ह शून्याच्याही पलीकडे जाऊन सरळ उलटलं. मी वर बघितलं तेव्हा माझं रडू थांबलं होतं आणि आत्यांनी अजून बूट काढले नव्हते.

"मग आता क्यू खाली कसा आणायचा?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता यंत्राची वायर उपटली आणि बेसमेंटच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. बाहेर उणे बावीस होतं. आतली सगळी वाफ पांढरा लोट होऊन बाहेर पडली. शेजारचे गृहस्थ हातातलं फावडं टाकून धावत आले. "मादाम! फ्यू? फ्यू?" त्यांना वाटलं आग लागली. आत्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "नों, नों, मस्यू. थर्मोडायनामिक." ते बिचारे दोन पावलं मागे सरकले. आगीचं त्यांना समजलं असतं. दहा मिनिटांनी खिडक्या लावल्या, खोली पुन्हा तापली, आणि शनिवारी मी परीक्षेला निघाले तेव्हा जिन्याशेजारची कुरडई टिचकी मारली की वाजत होती.

पेपरात तो प्रश्न होताच. एका प्रक्रियेचा डेल्टा जी नॉट अधिक आहे, म्हणून ती कधीही आपणहून घडणार नाही, बरोबर की चूक, कारण द्या. मी दीड पान कुरडईवर लिहिलं. पेपर परत आला तेव्हा शिक्षकांनी पूर्ण मार्क दिले होते आणि समासात इंग्रजीत विचारलं होतं, कुरडई म्हणजे काय. मला हवे होते त्याहून नऊ मार्क जास्त मिळाले. मी धावत वर गेले आणि आत्यांना कागद दाखवला. त्यांनी तो नीट वाचला, उलटा करून मागेही बघितला आणि म्हणाल्या, "छान. मेअखेर बेसमेंट रिकामं करा."

मला फार लागलं ते. इतरांना घालवून देतात हे मला माहीत होतं, पण आम्ही इतर होतो असं मला वाटलं नव्हतं. संदीप म्हणाला, "अगं, कॉलेज तिकडे आहे, जायचंच होतं की आपल्याला." जायचं होतं हे खरं, पण कुणीतरी जाऊ नका म्हणायला हवं होतं. मी दोन दिवस आत्यांशी धड बोलले नाही. मेमध्ये निघताना त्यांनी त्या वर्षीच्या सगळ्या कुरडया आमच्या गाडीत भरल्या. स्वतःला एकही ठेवली नाही. आणि निघताना मी वाकून नमस्कार केला तेव्हा म्हणाल्या, "चला, नदीवरचा पूल जाम व्हायच्या आत निघा." मोटारीत बसल्यावर मग मला उमगलं. हा पेपर मी पास झाले तर आम्ही जाणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी दोन वर्षं रोज संध्याकाळी त्या माझ्यासमोर बसत होत्या.

आमच्यानंतर त्या बेसमेंटमध्ये कुणी आलं नाही. हल्लीची मुलं आत्या-मामा शोधत नाहीत, फोनवर रूममेट शोधतात आणि विमानतळावरून थेट काँडोत जातात. २०१९ च्या जानेवारीत, एका गुरुवारी, मी मिसिसागाच्या घरी लॅबचं जर्नल लिहीत होते आणि आत्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, "यंदा कुरडया एका दिवसात वाळल्या."

"अरे वा!" मी म्हटलं. "विक्रमच झाला की."

"हं. तुम्ही होतात तेव्हा चार दिवस लागायचे." मग एकेक मोजत म्हणाल्या, "तुमच्या आंघोळी. तू तो झाकण न ठेवता भात शिजवायचीस. संदीपचे ओले बूट. शिवाय दोघं दिवसभर बडबडत असायचात. माणूस बोलला तरी वाफ सोडतो. क्यू कायम वर. आता खाली काही नाही. एका दिवसात खडखडीत. आयडियल."

मी विचारलं, "आत्या, तुम्ही कशा आहात?"

"उत्तम."

"कोणत्या कंडिशनला?"

इतक्या वर्षांत तो प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. मग त्या म्हणाल्या की दूध उतू चाललंय, आणि फोन ठेवला. त्या दूध घेत नाहीत, चहाही कोराच पितात.

शुक्रवारी संदीपने रजा टाकली आणि आम्ही सहा तास गाडी चालवून ब्रॉसार्डला पोचलो. दार उघडल्यावर आत्या म्हणाल्या, "कशाला आलात एवढ्या स्नोमध्ये?" आणि लगेच पोह्यांना फोडणी टाकली. आम्ही खाली गेलो. जमिनीवर कुरडयांची नवी खेप घातलेली होती, ओळीने, कोपऱ्यात पलंगापुरती जागा सोडून. संदीपने बर्फाने भरलेले बूट जिन्यापाशी काढले, जिथे काढू नकोस म्हणून त्या दोन वर्षं ओरडत होत्या. मी खालच्या शेगडीवर भात लावला आणि झाकण ठेवलं नाही. आम्ही दोघं मुद्दाम मोठमोठ्याने बोलत राहिलो, काहीबाही, मिसिसागाच्या ट्रॅफिकबद्दल. अर्ध्या तासाने खिडकीची काच धुरकट झाली. आत्या पोहे घेऊन खाली आल्या, कुरडई उचलून बघितली, काचेकडे बघितलं.

"झालं! आता लागणार चार दिवस," त्या कुरकुरल्या. आणि पलंगावर आमच्या मधोमध येऊन बसल्या. खिडकी काही त्यांनी उघडली नाही.